मंजनवाल्याचं तोंड

नक्कल करणाऱ्याची आठवण म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा पुढाऱ्याचा आवाज काढेल, मग भांडणाऱ्या दोन मांजरांचा, मग चढाला लागलेल्या एस.टी.चा. तसलं काही नाही. ही आठवण माझं तोंड यायचं त्याची आहे. मग आता हा उपाय सांगेल असं वाटत असेल, तर तेही नाही. उपाय मला गावातल्या प्रत्येक माणसानं सांगितले, त्यातले निम्मे मी केले, आणि तोंड यायचं तेव्हा येतच राहिलं. ज्यांना उपाय हवाय त्यांनी इथूनच मागं फिरावं. बाकीच्यांनी बसावं. शेवटी मी चांगली बोलणी खातो, एवढा दिलासा आधीच देऊन ठेवतो.

तोंड येणं तसं काही मोठं दुखणं नव्हे. कुणी मरत नाही, कुणी भेटायला येत नाही, शहाळं आणत नाही. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, ओठाच्या मागं पांढरे ठिपके येतात, आणि मग माणसाला कळतं की आपण दिवसभरात किती फालतू बोलतो. पण माझी गोष्ट वेगळी होती. मी मंजन विकत होतो.

चिंचवडच्या एका गल्लीत आमच्या मालकांचा मंजनाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पडवी, दोन खलबत्ते, एक चाळण आणि मी. मालक कोकणातले. बाभळीचा कोळसा, तुरटी, लवंग, कापूर, सैंधव असलं कुटून काळंभोर मंजन व्हायचं आणि ते आम्ही पत्र्याच्या डब्यांत भरायचो. सोमवार ते गुरुवार मी तिथंच भरायचो, तिथंच झोपायचो. शुक्रवारी चाकणजवळच्या आमच्या गावी यायचो, शनिवारी चाकणच्या बाजारात विकायचो, रविवारी तळेगावच्या.

विकायची रीत अशी. खोका पालथा घालून त्याच्यावर उभं राहायचं. आधी नकला करून माणसं गोळा करायची. त्या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमुळे लोकांना उभ्यानं ऐकायची सवय लागली होती, त्यामुळे खोक्यावर माणूस दिसला की चारजण आपोआप थांबायचे. मग बोटावर मंजन घेऊन सगळ्यांसमोर दात घासायचे, चूळ भरायची, आणि शेवटी खाली वाकून 'आ' करायचा. एका हातात आरसा धरून त्यानं उन्हाचा कवडसा घशात पाडायचा. मालकांची ही स्वतःची युक्ती होती. "आपली जाहिरात म्हणजे तुझं तोंड," असं ते म्हणायचे. चाकणच्या बाजारातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी माझी पडजीभ बघितलेली आहे. एकीनं तर हिरडीला बोट लावून खात्री केली होती. त्या बोटाला मिरचीचा वास होता.

आता अशा माणसाचं तोंड आलं तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

पहिल्यांदा आलं तेव्हा मी आरसा जरा लांब धरला आणि 'आ' पटकन मिटला. दुसऱ्यांदा आलं तेव्हा 'आ' केलाच नाही. असे काही महिने निभावले, आणि मग एका बाईनं सरळ सांगितलं, "ह्याच्याच तोंडात फोड हायेत. ह्याचं मंजन कशाला घ्यायचं?" ही गोष्ट चाकणहून चिंचवडला एस.टी.पेक्षा लवकर पोचली.

मालकांनी मला समोर बसवलं. "काय रे मेल्या, पान खातोस?"

"नाही."

"बिडी?"

"नाही."

"मग तोंड कसं येतं?"

"उष्णतेनं येत असेल."

"तुला कसली उष्णता? मंजन थंड, पडवी थंड, तू कामाला थंड." मग ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी स्वतः येतो. गर्दी बघतो, आणि तुझा 'आ' बघतो. तोंड स्वच्छ दिसलं तर दोन्ही बाजार कायमचे तुझे. नाही दिसलं तर दुसरा पोरगा बघितलेला आहे. दात चांगले आहेत त्याचे."

हे एकीकडे. दुसरीकडे आमचे वडील. त्यांना मी खोक्यावर उभा राहतो हेच मान्य नव्हतं. मॅट्रिकपर्यंत शाळा शिकलेला पोरगा बाजारात जबडा उघडून दाखवतो, म्हणून त्यांना चावडीवर मान खाली घालावी लागायची. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर धंद्याचं कायमचं काही ठरलं तर ठीक, नाहीतर मामाच्या कांद्याच्या वखारीवर बसायचं. वखार म्हणजे काळोख, कांद्याचा उग्र वास आणि मामा. मामा दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन कांद्याशी. तिथं मी गुदमरून मेलो असतो. माझ्या तोंडाला बोलल्याशिवाय करमत नाही हो. तर त्या शनिवारच्या 'आ'वर सगळं होतं. इकडं खोका, तिकडं वखार.

तोंड का येतं, याचा शोध मी आधी स्वतःच लावला होता. मला पक्का संशय होता की आमचं मंजनच जहाल आहे. दर आठवड्याला चारचौघांत घासायचो ना. म्हणून एक महिना मी मालकांच्या डबीत चुलीची राख भरून तिनं दात घासले आणि लोकांना मंजन विकलं. राखेनं दात चांगले निघाले, तोंड मात्र ठरल्याप्रमाणे आलं. ही गोष्ट मालकांना आजवर माहीत नाही.

मागं एकदा मालकांपुढं तोंड आल्याचं बोललो होतो, तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं होतं की गावचं पाणी वाईट. हे मी घरी सांगायला नको होतं. आईनं पहिल्यांदा मालकांच्या सात पिढ्यांचं पाणी काढलं आणि मग माझ्या पोटातली उष्णता काढायला घेतली. सब्जा झाला. बोटानं तूप लावून झालं. जाईचा पाला चघळून झाला. वांगं बंद, हरभरा बंद, मिरची बंद. चिंचेचं तर नाव काढायचं नाही. दोन महिन्यांत मी आजारी माणसासारखा जेवू लागलो आणि तोंड निरोगी माणसासारखं वेळेवर येऊ लागलं. वडिलांचं निदान मात्र सोपं होतं. "वापरून वापरून झिजलंया ते," ते म्हणाले. "आठ दिस गप बस, बरं हुईल."

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी उठलो आणि जीभ दाताला लावली. होते. एक उजव्या कडेला, दोन खालच्या ओठाच्या मागं, आणि एक थेट जिभेच्या शेंड्यावर, म्हणजे मालकांना खालूनसुद्धा दिसेल असा. मी घाबरून चाकणच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर फार बोलायचे नाहीत. त्यांनी तोंडात बघितलं आणि विचारलं, "हे कधी कधी येतं?"

"सारखं येतं."

"सारखं म्हणजे? वार सांग."

मी मोजायला लागलो आणि मलाच हसू आलं. "शुक्रवारी."

"दर शुक्रवारी?"

"महिन्यातनं दोन-तीनदा तरी. पण येतं ते शुक्रवारीच. एखाद्या शनिवारी बाजार भरणार नसला, तर त्या आठवड्याला येत नाही."

"आणि तळेगावच्या बाजाराआधी?"

"तिथं मला कुणी ओळखत नाही."

डॉक्टर म्हणाले, "मग झालं तर. बाजारावर माझ्याकडे औषध नाही." आणि त्यांनी काडीला कापूस गुंडाळून माझ्या तोंडात ते जांभळं औषध फासलं. माझी जीभ, ओठ, हिरड्या, सगळं शाईच्या दौतीत बुडवल्यासारखं झालं. मी विचारलं, "हे उद्यापर्यंत जाईल?" ते म्हणाले, "चार-पाच दिवस राहतं. चांगलं औषध आहे."

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. तोंडात काही लागू नये म्हणून जीभ गालात ढकलली, ओठ पुढं काढले आणि आईला म्हणालो, "आई, जरा पाणी दे."

धाकटी बहीण खिदळली. "गुरुजी आले, गुरुजी आले."

"गप गं," मी म्हणालो. ती आणखीच हसली. आईलाही हसू फुटलं. वडील ताटावरून म्हणाले, "आरं, अन्नावर बसून तरी मास्तरांची नक्कल करू नगंस."

"मी नक्कल करत न्हाई," मी म्हणालो. आणि माझा आवाज मलाच ऐकू आला.

आता हे गुरुजी कोण ते सांगायला पाहिजे. मराठी शाळेत चौथीपासून आम्हाला होते. ताठ, उंच, पांढरी टोपी. बोलायचे ते ओठांचा चंबू करून, जीभ एका गालात दाबून, प्रत्येक शब्द जणू काट्यातून सोडवून बाहेर काढतायत असे. त्यांची नक्कल ही माझी पहिली कमाई. पाचवीत मधल्या सुट्टीत मी "गाढवांनो, पाढे म्हणा" असं त्यांच्या आवाजात म्हटलं आणि शेजारच्या वर्गानं खरोखर पाढे म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून मी कलावंत झालो. खोक्यावरही माझी सगळ्यात चाललेली नक्कल तीच. आजूबाजूच्या पाच गावांनी त्यांचा मार खाल्लेला, त्यामुळे पहिल्या शब्दाला बाजार हसायचा.

अडचण एवढीच होती की गुरुजी आता निवृत्त झाले होते आणि दर शनिवारी चाकणच्या बाजाराला येऊन माझ्या गर्दीत पहिल्या रांगेत उभे राहायचे. हसायचे नाहीत. रागवायचे नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघायचे, नक्कल झाली की निघून जायचे. मला वाटायचं, हे मोजतायत. एक दिवस बाजारातलं सगळं वडिलांपुढं मांडतील. दर शुक्रवारी हाच विचार. पण नक्कल सोडवतही नव्हती, कारण ती काढली तर गर्दी अर्धी व्हायची.

त्या रात्री अंथरुणावर जीभ गालात ठेवून मी पडलो आणि मागचं आठवू लागलो. गुरुजी रोज काही तसं बोलायचे नाहीत. एरवी त्यांचा आवाज खणखणीत होता. ती चंबूची बोली यायची ती शाळेची तपासणी जवळ आली की. दिपोटी साहेब येणार म्हणून वर्ग शेणानं सारवायचा, नकाशे टांगायचे, हजेरीपट नीट करायचे, आणि गुरुजी गालात काहीतरी धरून चघळायचे. आम्ही ठरवलं होतं की गुरुजी चोरून पान खातात. शाळेच्या विहिरीवर जाईचा वेल होता. त्याचा पाला खालून कायम ओरबाडलेला असायचा. आमचा आळ बिचाऱ्या शेळ्यांवर.

म्हणजे मी आठ-नऊ वर्षं ज्याची नक्कल करत होतो ती त्या माणसाची बोलायची ढब नव्हतीच. त्याचं तोंड आलेलं होतं.

शनिवारी बाजार ठासून भरला होता. मालक आले आणि कांद्याच्या गोण्यांशेजारी छत्री घेऊन उभे राहिले. गुरुजी नेहमीच्या जागी. मी खोक्यावर चढलो. ठरवलं होतं की आज गुरुजींची नक्कल करायची नाही, गुमान एस.टी.चा आवाज काढायचा आणि 'आ' न करता उतरायचं. मी तोंड उघडलं. "मंडळी," म्हणालो. आणि बाजार हसला, कारण आवाज गुरुजींचा आला.

मी साधं बोलायचा प्रयत्न केला. जिभेचा शेंडा दाताला लागला, डोळ्यांत पाणी आलं, जीभ आपोआप गालात गेली. "मंडळी, आज मी नक्कल करणार नाही," मी म्हणालो, गुरुजींसारखाच. लोक पोट धरून हसले. असा प्रतिसाद मला त्याआधी कधी मिळाला नव्हता, आणि मी काहीच करत नव्हतो. गुरुजींच्या तोंडावरची रेष हलली नाही.

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आरं मंजनवाल्या, आ कर की."

"आज राहू दे, मावशी."

"का? येरवी तर गळ्यापोतर दावतोस. आज का लाजतोस?"

मालकांनी गोण्यांशेजारून मान पुढं काढली. मी 'आ' केला.

म्हातारीनं वाकून बघितलं. "आगं बया. ह्यानं शाई प्यालीया."

मग सगळे बघायला पुढं सरकले. मला वाटलं, झालं, वखार आली. कांद्याचा वास तर आधीपासून येतच होता. मग एकदा बुडालोच आहे तर खरं तरी बोलावं, असं मनात आलं. "मावशी, तोंड आलंय माझं," मी म्हणालो. "मंजनानं न्हाई. भीतीनं."

"कशाची भीती?"

"ते तिथं छत्री घेऊन उभे हायेत ना, ते माझे मालक. आज माझं तोंड बघायला आलेत. त्यांनी तोंड बघणार म्हनलं, म्हणून तोंड आलं."

सबंध बाजार वळून मालकांकडं बघायला लागला. मालकांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं.

"आसं आसतंया व्हय," एक कांदेवाला म्हणाला. "माझं बी लिलावाच्या आदल्या दिशी येतं. मी म्हनायचो कांदा उष्ण."

म्हातारी म्हणाली, "माझी सून माहेराहून परत यायची झाली की माझं येतंया."

तिच्या मागं टोपली घेऊन उभी असलेली बाई सूनच निघाली. ती शांतपणे म्हणाली, "तुमी गावाला जाऊन परत येता तवा माझं येतं. मी कुनाला सांगितलं न्हाई."

त्यावर जो हशा झाला त्यात माझा काही वाटा नव्हता. मग जो तो आपलं सांगू लागला. कुणाचं कोर्टाच्या तारखेला, कुणाचं पाव्हणे येणार म्हटल्यावर. मलाही आठवलं की आईचं तोंड यायचं ते आत्या माहेरपणाला आली की. आत्या गेली की आई वांगं-हरभरा सगळं खायची आणि तिला काही व्हायचं नाही. मी वरून एवढंच म्हणालो, "मंडळी, मंजनानं दात साफ होत्यात, सासू न्हाई. दातापुरतं ज्याला पाहिजे त्यानं घ्या." डब्या संपल्या. सासू-सुनेनं दोन घेतल्या, वेगवेगळ्या.

पांगापांग झाल्यावर मालक छत्री मिटून आले. मी मान खाली घालून डब्यांची रिकामी ट्रंक बांधत होतो.

"मला चारशे माणसांत भुतासारखा दाखवलास," ते म्हणाले.

"चुकलं."

"पुढच्या शनिवारी मी काही येणार नाही."

"म्हणजे, मालक?"

"म्हणजे तू ये. त्याच्या पुढच्याही ये. दोन्ही बाजार तुझे. मी आलो की तुझं तोंड येणार असेल तर मी कशाला येऊ? मला चिंचवडला कामं आहेत." आणि ते एस.टी. गाठायला गेले. जाताना एकदा मागं वळून म्हणाले, "त्या म्हाताऱ्या मास्तराचा आवाज मात्र सोडू नकोस."

म्हातारा मास्तर माझ्या खोक्याशेजारीच उभा होता.

"इकडे ये," गुरुजी म्हणाले. खणखणीत आवाजात. "आ कर."

मी केला. त्यांनी काठीच्या टोकानं माझी हनुवटी वर केली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"किती दिवसांपासून?"

"सात-आठ महिने."

"आणि माझी नक्कल?"

"पाचवीपासून." मग मी घाईनं म्हणालो, "गुरुजी, मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुमची बोलायची तऱ्हाच तशी. यापुढं नाही करणार. शपथ."

तिथून जे सुरू झालं ते कांद्याच्या गोण्या उचलणारे हमालही थांबून ऐकत होते. "शपथ घेतोस? गाढवा, पाढे पाठ करायची शपथ घेतली होतीस तिचं काय झालं? सगळा वर्ग मठ्ठ होता, त्यांना मी माफ केलं. त्यांना फळा दिसत नव्हता, मी काय दिसणार? पण तू बघत होतास. मी जीभ कुठे ठेवतो, ओठ कसा काढतो, सगळं पाठ केलंस. इतकं पाठ तू आयुष्यात दुसरं काही केलं नाहीस. आणि इतकं बघून एकदा, एकदा तरी जवळ येऊन विचारलंस का, गुरुजी, तोंडाला काय झालंय? दिपोटीच्या भीतीनं चार चार दिवस मी ताकावर काढायचो. घरात सांगायची लाज, शाळेत सांगायची लाज. आणि तू मधल्या सुट्टीत पोरं हसवत होतास."

मी ट्रंकेची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो.

"आणि आता म्हणतोस नक्कल बंद. कुणी सांगितलं बंद करायला? दर शनिवारी तीन मैल तंगडतोड करत मी काय कांदे बघायला येतो? करायचं तर नीट कर. जीभ डाव्या गालात, डाव्या. आठ महिने बघतोय, उजव्या गालात ठेवतोस. सांगू कुणाला? हात पुढे कर."

माझा हात सवयीनं पुढं गेला, तळवा वर, डोळे मिटलेले. छडी काही बसली नाही. डोळे उघडले तर तळव्यावर जाईची चार पानं होती.

"बघत काय बसलास? चघळ. गिळायचं नाही, रस धरायचा. आणि पोक काढून उभा राहू नकोस, मालक झालास म्हणे बाजाराचा. थुंकलास तर बघ. थुंकू नकोस म्हणतोय ना, मूर्खा."